निकालाआधी घातलेलं नाव

"धावली नाही म्हणजे?" दादाने विचारलं.

"धावली नाही म्हणजे धावली नाही! आणखी कसं फोड करून सांगू?" वकील इतक्या जोरात ओरडत होता की दादाला फोन कानापासून लांब धरावा लागला. "रेषेवर उभी राहिली. खाली वाकली. मग सरळ झाली, पंचांशी काहीतरी बोलली, छातीवरचा नंबर सोडवून त्यांच्या हातात दिला आणि चालती झाली. सगळं मैदान आ वासून बघतंय आणि ही बाई हात हलवत निघालीय! मला वाटलं पाय मुरगळला. कसला मुरगळतोय, चांगली तुरुतुरु गेली."

"कुठे?"

"ते कळलं असतं तर तुला फोन केला असता का? शर्यत सुटायच्या आत मी तिच्या मागे बाहेर पडलो, तोवर बाई गायब. घरी आलीय का बघ. मी येतोच."

फोन बंद झाला. दादाच्या उजव्या हातात कोरणी तशीच होती. समोर गोळाफेकीच्या विजेत्याची पितळी पट्टी होती, तिच्यावर अर्धं नाव उमटलं होतं आणि उरलेलं अर्धं काय ते दादाला काही केल्या आठवेना. जन्मभर दुसऱ्यांची नावं घालणाऱ्या माणसाला असं कधी झालं नव्हतं.

त्याने आतल्या दाराकडे पाहिलं. जिन्यावर कुणी नव्हतं. मग तो उठला आणि मागच्या फळीवर ठेवलेल्या फिरत्या करंडकावरचं मऊ फडकं त्याने हळूच उचललं. नाव होतं तिथेच होतं. त्याच्या लेकीचं, फिरकीचं, कागदोपत्री असलेलं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, आणि खाली या वर्षाचा आकडा. दादाच्या तोंडचं पाणी पळालं.

आबांनी, म्हणजे दादाच्या वडिलांनी, हे दुकान काढलं तेव्हा लोकांच्या भांड्यांवर नावं घालायची कामं यायची. पुढे शाळांच्या ढाली आल्या, मग चषक, मग मैदानावरच्या सगळ्या मोठ्या स्पर्धा. धंदा वाढला तरी आबांचा एक नियम कुणी मोडला नव्हता. निकाल लागल्याशिवाय नाव घालायचं नाही. पट्ट्यांचं एकवेळ सोडा, पट्टी बदलता येते. पण अडथळ्यांच्या शर्यतीचा हा करंडक जुना, चांदीचा. विजेत्यांची नावं थेट त्याच्या अंगावर घातलेली. दरवर्षी निकाल कळला की बक्षीस समारंभ सुरू व्हायच्या आत नाव घालून करंडक मैदानावर पोहोचवायचा. सगळं घाईचं काम. दादाने स्वतः घातलेली त्यातली कितीतरी नावं त्याला बघवत नसत. कुठे मात्रा घसरलेली, कुठे वेलांटी आखूड.

फिरकीचं नाव असं घाईत घालायचं त्याच्या जिवावर आलं होतं. सगळं खरं तर एवढंच. परवा दुपारी दुकान रिकामं होतं, आबा वर झोपले होते, उजेड सुरेख पडला होता. करंडक वाळू भरलेल्या चामडी उशीवर टेकवून दादाने कोरणी उचलली आणि श्वास रोखून एकेक अक्षर घातलं. ती जिंकणार यात कुणाला शंका होती? गेल्या वर्षी तिने विक्रम केला होता. यंदा तिच्या आसपास फिरकणारीही कुणी नव्हती. निकाल म्हणजे नुसता उपचार, असं वर्तमानपत्रातदेखील आलं होतं. इतक्या लोकांनी म्हटल्यावर दादालाही ते पटलं, आणि बापाला असलं काही पटायला वेळ लागत नाही.

आता मात्र त्याला एकच गोष्ट आठवत होती. आज सकाळी लवकर फिरकी बुटांचे खिळे आवळायला पक्कड शोधत दुकानात आली होती. तो तेव्हा अंघोळीला गेला होता.

त्याच्या बाकाशेजारी एक तिपाई असायची. फिरकी शाळेत असल्यापासून कुठलाही सामना, कुठलीही शर्यत झाली की आधी त्या तिपाईवर येऊन बसायची. अंघोळ नाही, जेवण नाही, आईची हाक कानावर नाही. बापाची कोरणी चालू असायची आणि ही बडबडत असायची. पाण्याखाली ऐकू कसं येतं, हरताना नेमकं कधी कळतं की आपण हरलो. दादा स्वतः कधी मैदानावर जाऊ शकला नव्हता, कारण ज्या दिवशी शर्यत त्याच दिवशी इथे काम. त्या तिपाईवरच त्याने लेकीचे सगळे खेळ पाहिले होते. बाकी जग काय म्हणेल याची दादाला फार फिकीर नव्हती. ती तिपाई रिकामी राहिली तर काय करायचं, हे मात्र त्याला सुचेना.

त्याने फडकं परत टाकलं, तोच वहिनी जिना उतरून आली. वहिनी म्हणजे त्याची बायको. सगळं घर तिला वहिनीच म्हणायचं, सासरेसुद्धा. दादाही कधीकधी चुकून म्हणून जायचा.

"कुणाचा फोन होता? लागला निकाल?"

"ती धावली नाही."

वहिनी खालच्या पायरीवर मटकन बसली. "पडली?"

"नाही. निघून गेली."

"निघून म्हणजे? काय लागलंय तिला? तुम्ही असे शांत का बसलाय? जा ना मैदानावर!"

"वकिलाने पाहिलंय तिला. काही लागलेलं नाही."

वहिनीला हे खरं वाटलं नाही. लागलं असतं तर तिला कळण्यासारखं होतं. न लागता कुणी शर्यत सोडतं हे तिच्या डोक्यातच शिरेना. ती दादाला चार प्रश्न विचारून पुन्हा पहिल्याच प्रश्नावर येत होती. तेवढ्यात वरून आबांची काठी वाजायला लागली आणि पाठोपाठ रस्त्यावर वकिलाची गाडी येऊन थांबली.

वकील म्हणजे दादाचा धाकटा भाऊ. कोर्टात काय दिवे लावायचा ते त्याचं त्याला ठाऊक, पण घरी आला की समोरचा प्रत्येक माणूस आरोपी. आत आल्या आल्या त्याने कोट काढून खुर्चीवर आपटला.

"निवड समितीचे दोन सदस्य माझ्या शेजारी बसले होते, शेजारी! म्हटलं, बघा आता आमची पोरगी. बघितली त्यांनी. पाठ बघितली! बाहेरच्या देशातल्या स्पर्धेसाठी आजच्या शर्यतीतून निवड होती. आता बसा घरी."

"आधी ती सुखरूप घरी तर येऊ दे," वहिनी म्हणाली.

"सुखरूपच आहे ती, तिला काय धाड भरलीय? वहिनी, तुम्हाला मी आज सांगतो, ही मुलगी एका गोष्टीला धरून राहील तर शपथ. पोहण्यात पहिली आली, सगळ्यांनी डोक्यावर घेतलं, तर म्हणे बॅडमिंटनचं फूल कसंही मारलं तरी टोकावरच का पडतं ते बघायचंय. बघितलं! त्यात चषक आणला. ते जमतंय म्हणेस्तोवर एक दिवस मैदानावर अडथळे रचताना पाहिले आणि माळ्याला विचारते, काका, मी यावरून उडी मारून बघू का?"

"आणि त्यातही विक्रम केलाच ना?" आबा जिन्यावरून म्हणाले. कठड्याला धरून ते एकेक पायरी उतरत होते. नजर अधू झाल्यापासून त्यांना दुकानात यायला कुणी बोलवत नसे, म्हणून ते बोलावल्याशिवायच येत.

"केला की! आणि आज पायाखाली तुडवला. याला हाच जबाबदार आहे, आबा." वकिलाने बोट दादाकडे वळवलं. "लहानपणापासून तिपाईवर बसवून तिच्या बाष्कळ गप्पा ऐकत बसायचा. कधी एकदा तरी दटावलंय? कधी म्हटलंय, बाई, एक काय ते ठरव?"

एरवी अशा वेळी वहिनी दिराला थोपवायची. आज ती म्हणाली, "भावोजी खोटं नाही बोलत. मीही सांगून थकले. तुम्ही हसायचा नुसते."

दोघं मिळून दादाला फैलावर घेत होते आणि त्याला ते जवळजवळ बरं वाटत होतं. ज्याबद्दल घेत होते तो गुन्हा निदान लहान होता.

"सकाळपासूनच तिचं बिनसलं होतं," वहिनी सांगू लागली. "पक्कड घेऊन वर आली, बूट बांधले, ताटावर बसली आणि दोन घास खाऊन उठली. शर्यतीच्या दिवशी ही दुसऱ्याच्या ताटातलंही खाते! म्हटलं, काय झालं गं? तर म्हणे, काही नाही, आज काही होणारच नाहीये. मला वाटलं आत्मविश्वास बोलतोय."

आबांनी काठी भिंतीला टेकवली. "खाली दुकानात येऊन गेल्यावर बिनसलं?"

"हो."

दादाची पाठ मागच्या फळीला लागलेली होती. तिथून हलायची त्याला हिंमत होईना.

फिरकी आली ती बऱ्याच वेळाने, मागच्या दाराने. आधी नळाचा आवाज आला, मग कुणाशी तरी बोलल्यासारखं स्वतःशीच हसणं. वहिनी धावत गेली आणि तिला हाताला धरून दुकानात घेऊन आली. चोवीस वर्षांची घोडी, पण अवतार असा की मातीत लोळून आलेलं कार्टं बरं. गुडघे खरचटलेले, केसांत गवताच्या काड्या, दोन्ही तळहात सोललेले. चेहऱ्यावर मात्र लखलखीत तकाकी.

ती दारातच उभी राहिली. तिपाईकडे तिने पाहिलंही नाही.

"हात दाखव," वहिनी ओरडली. "अगं बाई! हे काय करून घेतलंस?"

"काही नाही गं, बांबूने सोललेत."

"कसल्या बांबूने?"

"बांबूउडीच्या. म्हणजे बांबू नसतोच तो, नुसतं नाव. मैदानाच्या मागे सराव चालला होता, तिथे जाऊन बसले. एक जण म्हणाला, हवा तर धरून बघ. आई, तो वाकतो गं! आपण त्याला वाकवतो असं वाटतं आणि मग तोच आपल्याला..." ती एकदम थांबली. सगळ्यांचे चेहरे तिला आता दिसले असावेत.

"म्हणजे," वकील म्हणाला, "निवड समितीला तिथे ताटकळत ठेवून तू मागच्या अंगणात बांबूला लोंबकळत होतीस?"

"लोंबकळायला जमलंच नाही, काका. प्रत्येक वेळी पाठीवरच पडले."

"आणि वर हसतेय! अगं, तुझ्या त्या शर्यतीसाठी किती लोकांनी जिवाचं रान केलंय? तुझा प्रशिक्षक तिथे डोकं धरून बसलाय. का नाही धावलीस? एक कारण दे. एकच!"

फिरकीने खाली पाहिलं. "नाही धावावंसं वाटलं."

"नाही वाटलं? हे कारण झालं?"

"तेवढंच आहे."

"खोटं आहे," वहिनी म्हणाली. "तुला धावावंसं वाटलं नाही असा दिवस मी पाहिलेला नाही. कुणी काही बोललं का तुला? प्रशिक्षक बोलला?"

"नाही गं."

"मग कोण?"

"कुणी नाही. माझंच चुकलं. काका, मी समितीला भेटून माफी मागेन. प्रशिक्षकांना मी सांगितलंय." आणि हे बोलता बोलता तिने एकदाच मान वर करून बापाकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर दादाला सोसला असता. पण तिथे राग नव्हता. ती त्याला सांभाळून घेत होती. सगळा मार आपल्या अंगावर घ्यायचा आणि बापाचं नाव निघू द्यायचं नाही, असं ती वाटेतच ठरवून आलेली होती.

वकिलाचं पुढचं वाक्य सुरू व्हायच्या आत दादाने मागे हात घातला, फडकं ओढलं आणि करंडक उचलून बाकावर ठेवला.

"यामुळे," तो म्हणाला.

पहिल्यांदा कुणाला काही कळलं नाही. मग वकील वाकला, त्याने चष्मा वर सरकवला आणि शेवटच्या ओळीतलं नाव वाचलं. मोठ्याने नाही, नुसते ओठ हलले. मग त्याने वर्षाचा आकडा वाचला. मग पुन्हा नाव.

"हे... हे आज घातलंस?"

"परवा."

"परवा? शर्यत तर आज..." वकील जागच्या जागी थिजला. वहिनीचा हात तोंडावर गेला. आबांनी दोन्ही हात पुढे केले. दादाने करंडक त्यांच्यापुढे सरकवला. म्हाताऱ्याची बोटं चांदीवरून फिरत शेवटच्या ओळीपाशी आली आणि तिथे एकेका अक्षरावर थांबत थांबत शेवटापर्यंत गेली.

"हात छान लागलाय," आबा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "या भांड्यावरचं सगळ्यात चांगलं अक्षर आहे."

यापेक्षा त्यांनी काठी घातली असती तरी चाललं असतं, असं दादाला वाटलं.

"बाकीची सगळी घाईत घातलेली, आबा. म्हटलं, हिचं तरी नीट..."

"मला विचारलं का नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"अलबत!"

मग वहिनी उसळली. "इतका वेळ मी माझ्या पोरीला बोल लावतेय! भावोजी तिची सालं काढतायत! आणि तुम्ही फळीला टेकून ऐकत होतात? तोंडाला कुलूप घातलं होतं का?"

"आई, असू दे ना," फिरकी म्हणाली.

"काय असू दे? तू गप्प बस! नाही, गप्प नको बसू. बोल. काय झालं सकाळी?"

फिरकीने सोललेले तळहात एकमेकांवर धरले. "पक्कड शोधत होते. करंडक दिसला. मला ती रिकामी जागा बघायची होती, आई. एवढीशीच उरलीय म्हणतात, कशी दिसते ते बघावं म्हटलं. फडकं उचललं तर भरलेली."

"मग? चिडलीस?"

"नाही. सुंदर दिसत होतं. आधी तर छानच वाटलं. मग ताटावर बसले आणि भूकच गेली." ती आठवत आठवत बोलत होती, दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तशी. "पण मग रेषेवर वाकले ना, तेव्हा... एरवी तिथे काय मजा असते! काय होणार, काय होणार, असं अंगभर नाचत असतं. त्यासाठीच तर जाते मी. आज वाकले आणि सगळं गप्प. होणार ते होऊन गेलं होतं. आता मी नुसतं पळत जाऊन ते खरं करायचं. मला पाय उचलेनात. खरंच उचलेनात, काका. मी नाटक नाही केलं."

"अगं, पण जिंकणार होतीस म्हणूनच घातलं ना त्यानं!" वकील म्हणाला.

"तेच तर."

आता काकातला वकील जागा झाला. "हे बघ, दादा. झालं ते झालं. हे बाहेर कळता कामा नये. आत्ताच्या आत्ता खरवडून टाक, वर विजेतीचं नाव घाल, कुणाला पत्ता लागणार नाही."

"चांदी पातळ होईल तिथे," आबा म्हणाले. "डोळ्याला नाही दिसणार. बोट फिरवलं की कळेल."

"कोण बोट फिरवणार आहे, आबा?"

"जिंकलेला प्रत्येक माणूस फिरवतो."

दादा लेकीकडे गेला. तिच्यासमोर उभा राहिला, पण हात पुढे करायचं त्याला धाडस झालं नाही. "माझं चुकलं गं," तो म्हणाला. "मी नाव घातलं नाही, तुझा खेळच काढून घेतला."

"बाबा, तू रडू नकोस हं आता."

"पुन्हा जाशील ना रेषेवर?"

फिरकीच्या चेहऱ्यावरची ती मातीतली तकाकी हळूहळू विझत गेली. "गेले तरी मला सारखं वाटणार ना, की घरी कुणीतरी आधीच ठरवून बसलंय," ती शेवटी म्हणाली. "बांबूपाशी बरं वाटलं, कारण तिथे मी पडणार की जाणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी तिथेच जाईन म्हणते. आणि यापुढे कुठे काय खेळतेय ते घरी नाही सांगणार. रागाने नाही, बाबा. खरंच नाही."

वहिनीने पदराने डोळे पुसले. दादाने मान हलवली. दुसरं काय करणार? इतकी वर्षं त्याने त्या तिपाईवरून जे ऐकलं होतं ते आता बंद झालं होतं, आणि बंद त्यानेच केलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला.

दादाच्या आधी वकिलानेच तो उचलला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा बाकावर ठेवला. स्पर्धेचे कार्यवाह होते. मागे मैदानावरचा गलका ऐकू येत होता.

"अडथळ्यांचा निकाल घ्या. उशीर झाला, माफ करा, घड्याळं तपासायला लागली. लिहून घेताय ना?" त्यांनी एक नाव सांगितलं. गेल्या वर्षी फिरकीच्या पाठोपाठ दुसरी आलेली, ती उंच, अबोल मुलगी. "आणि नावाच्या खाली 'नवा विक्रम' असंही घाला. जागा पुरेल ना?"

वकिलाने फोन आणखी जवळ ओढला.

"हॅलो? ऐकू येतंय का?"

"कसला विक्रम?" वकिलाने विचारलं.

"अहो, मोडला ना तिनं! तुमच्याच मुलीचा होता तो. थोडाथोडका नाही, चांगलाच मोडला. म्हणून तर घड्याळं तपासली. आम्हीसुद्धा चाट पडलोय इथे. बरं, तुमची मुलगी ठीक आहे ना? ही विजेती सारखी तिच्याबद्दल विचारतेय. करंडक वेळेवर पाठवा." फोन बंद झाला.

दादाच्या डोळ्यांसमोर एक वेगळीच दुपार उभी राहिली. फिरकी धावलीय, जीव तोडून धावलीय, आणि दुसरी आलीय. व्यासपीठावर करंडक पुढे येतो, ती उंच मुलगी हात लावते, बोट फिरवते, आणि तिथे दुसऱ्याच कुणाचं तरी नाव. भरल्या मैदानासमोर. गेले दोन दिवस त्याला जे उन्हाइतकं स्वच्छ दिसत होतं ते कधी नव्हतंच.

"थांबा, थांबा," वकील पुटपुटत होता. "ही शेजारच्या पट्ट्यात असती तर हिनंही आणखी जोर लावला असता. गेल्या वर्षीची वेळ धरून चालणार नाही."

"पण हिला पाहून त्या मुलीचा धीर खचला असता, तर?" वहिनी म्हणाली. "की उलट आणखी चेव आला असता?"

"कसं सांगणार?" आबा म्हणाले, आणि तोंडाचं बोळकं उघडून ते अचानक हसू लागले. "कुणाच्या बापाला सांगता येणार नाही. या समोरच्या बापालासुद्धा!"

"मी हरले असते?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. फिरकी दारातून आत आली होती. तिचे डोळे विस्फारलेले होते, तोंड उघडं होतं, आणि आपला विक्रम मोडल्याचं ऐकून माणसाचा चेहरा जसा व्हायला हवा तसा तो अजिबात नव्हता.

"म्हणजे मी खरंच हरले असते? तिनं? अहो काका, ती शेवटच्या अडथळ्याआधी नेहमी पाऊल आखडते! नेहमी! म्हणून तर मागे पडते. आज नाही आखडलं? कसं केलं असेल तिनं?" ती बाकाशी आली. दोन बोटांनी हवेत अडथळा काढून तिने त्यावरून तिसरं बोट उडवून पाहिलं. जमलं नाही, पुन्हा उडवलं. "डाव्या पायावर उतरली असेल. की उजव्या? काका, तुम्ही थांबला का नाही हो तिथे? निदान बघितलं तरी असतं!"

"मी थांबायला हवं होतं?" वकील किंचाळला. "मी?"

वहिनी लेकीकडे बघत राहिली. वेड लागलंय का हिला, असं तिच्या ओठांवर आलं होतं, पण ती बोलली नाही, कारण तेवढ्यात फिरकी बापाकडे वळली होती.

दादाने करंडक पुन्हा वाळूच्या उशीवर आडवा केला होता. वेळ थोडा होता. अक्षर खरवडायची तीन धारांची खरवणी त्याने दगडावर दोनदा ओढली आणि भिंग डोळ्याला लावलं.

"बाबा," फिरकी म्हणाली. "पुढच्या वेळी ती आणि मी एकत्र धावलो, तर कोण जिंकेल?"

दादाने भिंग खाली घेतलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, त्या उंच मुलीचा विचार केला, त्या शेवटच्या अडथळ्याचाही केला. बायको, बाप, भाऊ, तिघंही त्याच्या तोंडाकडे बघत होते. बापाने अशा वेळी काय म्हणायचं असतं ते त्याला पाठ होतं. त्याने ते म्हणून पाहायचा प्रयत्नही केला, पण ते खरं नव्हतं आणि तोंडातून निघेना.

"मला खरंच सांगता येत नाही गं," तो म्हणाला, आणि स्वतःचंच बोलणं ऐकून चकित झाला.

फिरकीने पायाने तिपाई ओढली, सोललेले हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्याच्याशेजारी बसली.

"बांबू कसा वाकतो सांगू?"

दादाने तिच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर खरवणी टेकवली.

"सांग," तो म्हणाला.